हेतू शोधू नका, स्क्रीन वाचा

पत्र

मी डिझाइनमध्ये पदव्युत्तर शिक्षण घेते आहे. प्रबंधासाठी 'व्हिडिओ गेममधलं फसवं डिझाइन' हा विषय निवडलाय. गेले काही महिने भरपूर मोबाइल गेम उतरवून खेळले आणि दिसेल तो डार्क पॅटर्न, म्हणजे खेळणाऱ्याला फसवणारी रचना, एक्सेलमध्ये भरत गेले. आता शीट इतकी लांबलीय की मला एकही गेम निर्दोष दिसत नाही. रोजचं बक्षीस? फसवणूक. उलटी मोजणी? फसवणूक. गाइडना शीट दाखवली तर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "यात संशोधन कुठे आहे?" आणि "कोणी हात धरून बसवलंय का यांना खेळायला?" दोन्हीला मला धड उत्तर देता आलं नाही.

शिवाय आणखी काही शंका आहेत. नात्यातली दहा-बारा वर्षांची मुलं सतत गेम खेळतात, त्यांच्या मुलाखती घेतल्या तर चालेल का? एक मित्र गेम स्टुडिओत नोकरीला आहे. तिथल्या अंतर्गत डॅशबोर्डचे स्क्रीनशॉट द्यायला तो तयार आहे. ते वापरू का? आणि खरं सांगायचं तर मी स्वतः एक गाचा गेम (सोडत काढायची, नशिबात असेल ते पात्र मिळतं) बरीच वर्षं खेळतेय, पैसेही घातलेत. गाइडना कळलं तर 'तू तटस्थ नाहीस' म्हणतील. सांगू की गप्प बसू? असा प्रबंध लिहिल्यावर गेम कंपन्या मला दारात तरी उभ्या करतील का, ही भीती वेगळीच.

– शीटमध्ये अडकलेली

उत्तर

प्रिय 'शीटमध्ये अडकलेली',

गाइडचा दुसरा प्रश्न आधी घेऊ, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

हात धरून कोणी बसवत नाही, हे खरंच आहे. बुद्धिबळात हरलेला माणूस चिडून लगेच पुन्हा डाव मांडतो. त्याला कोणी फसवलेलं नसतं. अवघड असणं, वेळ खाणं, उद्या पुन्हा यावंसं वाटायला लावणं हे काही गेमचे गुन्हे नव्हेत. त्यासाठीच तर आपण खेळतो. तुमच्या शीटमध्ये मात्र या सगळ्यावर एकच शिक्का बसलाय, आणि म्हणून गाइडना त्यात संशोधन दिसत नाही. 'अमुक गेममध्ये काउंटडाउन आहे' हे विधान कोण खोडून काढणार? जे खोटं ठरण्याची शक्यताच नाही ते मांडून हाती काही लागत नाही. तुम्हाला असा प्रश्न हवा, ज्याचं उत्तर तुमच्या मनाविरुद्ध येऊ शकतं.

डार्क पॅटर्न हे नाव हॅरी ब्रिग्नल या यूएक्स (वापरणाऱ्याचा अनुभव घडवणाऱ्या) डिझायनरने २०१० मध्ये रूढ केलं, तेही वेबसाइटींबद्दल बोलताना. गेमच्या बाबतीत पायाचा दगड म्हणावा असा निबंध २०१३ चा आहे. होझे झगाल, स्टाफान ब्यॉर्क आणि ख्रिस लुईस या तिघांचा. तो तुम्ही वाचला असेलच. नसेल तर हे उत्तर बाजूला ठेवून आधी तो वाचा. त्यांची व्याख्या थोडक्यात अशी: गेम बनवणाऱ्याने जाणूनबुजून वापरलेली, खेळणाऱ्याला वाईट अनुभव देणारी, त्याच्या हिताच्या विरुद्ध जाणारी आणि बहुधा त्याच्या संमतीशिवाय घडणारी रचना. मग त्यांनी तीन गट पाडले. वेळ खाणाऱ्या रचना, पैसे खाणाऱ्या रचना आणि ओळखीपाळखीचं भांडवल करणाऱ्या रचना. तेच ते रटाळ काम करत राहायला लावणं, गेमने ठरवलेल्या वेळी हजेरी लावायला लावणं, पैसे मोजले की अडथळा ओलांडता येणं हे सगळं त्यात येतं. मित्राने काहीच केलेलं नसताना त्याच्या नावाने तुम्हाला निरोप पाठवणं हेही येतं.

व्याख्या चांगली आहे, पण तिची एक बाजू लंगडी आहे. 'जाणूनबुजून' हे बाहेरून दिसत नाही. बटण डावीकडे का ठेवलं, हे बटण बघून कळत नाही. आणि तुमचा सगळा घोळ इथेच झालाय असं मला वाटतं. एकेका ओळीतून तुम्ही कंपनीच्या मनात काय होतं ते सिद्ध करायला निघाला आहात, आणि पुरावा तर फक्त स्क्रीनचा आहे.

हेतू सिद्ध होतच नाही असं नाही. पण तो कसा होतो ते बघा. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी आयोगाने, 'फोर्टनाइट'च्या एपिक गेम्सबरोबरची तडजोड जाहीर केली. रक्कम एकूण ५२ कोटी डॉलर. त्यातले २७.५ कोटी मुलांच्या खासगी माहितीच्या कायद्याखालचा दंड, आणि २४.५ कोटी नको असलेल्या खरेदीचे पैसे ग्राहकांना परत देण्यासाठी. आयोगाचं म्हणणं असं होतं की बटणांची मांडणी विसंगत आणि गोंधळात टाकणारी होती. एक बटण दाबलं की खरेदी व्हायची. गेम स्लीप मोडमधून जागा होत असताना किंवा लोडिंग चालू असतानाही व्हायची. दहा लाखांहून जास्त तक्रारी आणि स्वतःच्याच कर्मचाऱ्यांनी बोलून दाखवलेली काळजी कंपनीने कानांआड केली, हाही आरोप होता.

यातला शेवटचा भाग, म्हणजे कर्मचारी आतल्या आत काय म्हणत होते, हा आयोगाला मिळाला कारण त्याच्याकडे कागदपत्रं मागवण्याचा अधिकार आहे. तो तुमच्याकडे नाही आणि पदवीबरोबर मिळणारही नाही. पण पहिला भाग? कोणत्या स्क्रीनवर कोणतं बटण काय करतं, खरेदीआधी 'नक्की ना?' असं विचारतात का, चुकून दाबलं गेलं तर मागे फिरायला किती पायऱ्या आहेत, हे सगळं साध्या स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये सापडतं. तुमचा प्रबंध या पहिल्या भागावर उभा राहू शकतो. हेतूबद्दल बोलायचंच झालं तर जे कंपन्यांनी स्वतःहून जगजाहीर केलंय तेवढंच घ्या. ते काही कमी नाही. ॲक्टिव्हिजन या गेम कंपनीला ऑक्टोबर २०१७ मध्ये एक पेटंट मिळालं. खेळाडूंच्या जोड्या अशा लावायच्या की समोरच्याकडचं हत्यार बघून विकत घ्यायची इच्छा व्हावी, अशी पद्धत त्यात तपशीलवार लिहिली आहे. ती कुठल्याही गेममध्ये वापरलेली नाही, असं कंपनीने तेव्हा सांगितलं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी मांडा, पेटंटही आणि खुलासाही. गेम उद्योगाच्या परिषदांमधली भाषणंही धुंडाळा. जास्त खर्च करणाऱ्या खेळाडूंना तिथे सर्रास 'व्हेल' म्हणतात, आणि त्यांना गळाला कसं लावायचं याची चर्चा व्यासपीठावरून, स्लाइड दाखवत होते. चोरून काही मिळवायची गरज नाही. (मित्राच्या डॅशबोर्डचं उत्तर इथेच निम्मं मिळालं. उरलेलं पुढे देते.)

आता विषय कापायला घेऊ. तुमच्या शीटमधली सगळ्यात कंटाळवाणी ओळ घ्या, 'रोज हजेरी लावावी लागते' ही. २००९ मध्ये फेसबुकवर आलेल्या 'फार्मव्हिल'मध्ये पीक वेळेवर कापलं नाही तर कोमेजायचं. 'ॲनिमल क्रॉसिंग'ही खऱ्या घड्याळावर चालतो. बरेच दिवस फिरकला नाहीत तर बेटावर गवत माजतं आणि शेजारी कुरकुर करतात. तुमच्या शीटमध्ये दोघांसमोर एकच खूण आहे. पण 'ॲनिमल क्रॉसिंग'मध्ये ते गवत उपटायला कोणी खरे पैसे मागत नाही, आणि आजचं काम संपलं की गेम तुम्हाला जाऊ देतो. 'फार्मव्हिल' मित्रांना शेजारी म्हणून ओढून आणायला लावायचा, त्यांच्या फेसबुकवर विनंत्यांचा मारा करायचा आणि वाट बघायचा कंटाळा आला तर दुकान उघडंच असायचं. यंत्रणा तीच. मग नेमकं काय बदललं? चुकलेल्या दिवसाची शिक्षा किती, ती भरून काढायला पैसे चालतात का, दुसऱ्या माणसाला त्रास होतो का, आणि 'आज पुरे' असं म्हणायची जागा गेममध्ये आहे का. हे चार धागे धरून हजेरी लावायला लावणारे बारा गेम तपासले तर तो प्रबंध होतो. चाळीस गेममधल्या सगळ्याच्या सगळ्या युक्त्या गोळा केल्या तर तो कोश होतो, आणि कोशाला गाइड पदवी देत नाहीत.

हजेरीचा कंटाळा आला असेल तर गाचा घ्या. तिथे तुमचा अनुभव आहे, आणि तिथे आकडे उघड्यावर पडलेले असतात.

'गेनशिन इम्पॅक्ट'चं उदाहरण घेते, कारण त्याचे नियम छापील आहेत. पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के. हमी धरून एकंदर शक्यता १.६ टक्के. आणि ९० प्रयत्नांत एकदा नक्की मिळणार. सगळं खरं आणि सगळं गेममध्येच लिहिलेलं. आता कागद-पेन्सिल घ्या. प्रत्येक वेळी शक्यता सपाट ०.६ टक्के असती आणि फक्त नव्वदाव्या प्रयत्नाला हमी असती, तर सरासरी सुमारे ७० प्रयत्न लागले असते. म्हणजे एकंदर शक्यता १.४ टक्क्यांच्या आसपास. पण कंपनी लिहिते १.६, म्हणजे सरासरी ६२-६३ प्रयत्न. हे जुळायचं असेल तर नव्वदच्या आधी कुठेतरी शक्यता चढायला लागली पाहिजे. कुठे, ते नियमांच्या पानावर नाही. खेळाडूंनीच आपापल्या नोंदी एकत्र करून ती सत्तरीच्या पुढे झपाट्याने वाढते असं शोधून काढलं आणि त्याला 'सॉफ्ट पिटी' म्हणायला लागले.

इथे थांबा आणि घाईने शिक्का मारू नका. लपलेला नियम खेळाडूच्या बाजूचा आहे! पात्र लवकर मिळतं. मग यात फसवं काय? कदाचित काहीच नाही. किंवा असं, की साठ प्रयत्न झालेल्या माणसाला आता थांबणं म्हणजे आधीचं सगळं पाण्यात घालवणं वाटतं, आणि तो आणखी पैसे घालतो. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात, आणि कुठली खरी हे तपासता येतं. प्रौढ खेळाडूंचे दोन गट करा. एकाला नियमांचं पान जसंच्या तसं दाखवा. दुसऱ्याला तेच साध्या भाषेत सांगा: 'सरासरी साठेक प्रयत्न लागतात, वाईटात वाईट नव्वद'. मग दोघांनाही विचारा, पात्र मिळायला किती खर्च येईल असं वाटतं, आणि साठ झाल्यावर तुम्ही थांबाल का. फरक निघाला तर उत्तम. नाही निघाला तरी उत्तम, तोही निष्कर्षच आहे, आणि तो छापायचं धैर्य फार थोडे लोक दाखवतात.

पैशाची साखळीही अशीच जवळून बघा. त्याच गेममध्ये खऱ्या पैशांनी जेनेसिस क्रिस्टल घ्यायचे, त्यांचे प्रिमोजेम करायचे, प्रिमोजेम देऊन फेट घ्यायचं आणि फेट वापरून एक प्रयत्न. एका प्रयत्नाला १६० प्रिमोजेम लागतात. क्रिस्टलचा सर्वांत लहान पॅक ६० चा. पहिल्या खरेदीवर मिळणारी जादा भेट सोडली, तर एका प्रयत्नासाठी तीन पॅक घ्यावे लागतात आणि २० उरतात. ते २० फुकट जाऊ नयेत असं वाटतंच. पण तुमच्या नोंदीत 'वाटतं' लिहायचं नाही. नोंद अशी हवी: 'प्रयत्न करा' या बटणाशेजारी खऱ्या पैशातली किंमत दिसते का? नाही. ती कळायला किती स्क्रीन मागे जावं लागतं आणि किती गणितं करावी लागतात? हे दुसऱ्या कोणी तपासलं तरी तेच उत्तर येईल. जानेवारी २०२५ मध्ये याच गेमच्या प्रकाशकाने फेडरल ट्रेड कमिशनशी २ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली, त्या प्रकरणात आयोगाने या गुंतागुंतीच्या चलनावर आणि बक्षीस मिळण्याच्या शक्यतेबद्दलच्या दिशाभुलीवर बोट ठेवलं होतं. १६ वर्षांखालच्यांना पालकांच्या संमतीशिवाय लूट बॉक्स (आत काय निघेल ते नशिबावर सोडलेल्या बक्षीसपेट्या) विकायचे नाहीत, ही अटही आली.

नोंदीची पद्धत एकदाच नीट बसवा. तारीख, गेमची आवृत्ती, फोन कुठला, खातं किती जुनं, कोणती स्क्रीन, काय दाबलं, काय झालं, बाहेर पडायला किती टॅप. आवृत्ती विसरू नका. गेम दर काही आठवड्यांनी बदलतात आणि परीक्षकांनी उघडून बघितलं तर तुमची स्क्रीन तिथे नसेल. खात्याचं वयही महत्त्वाचं. नव्या खात्याला दिसणारी 'फक्त आजच्यापुरती' ऑफर आणि जुन्या खात्याला दिसणारी ऑफर सारखी असेलच असं नाही. शीटमध्ये 'हा नियम इथे लागू होत नाही' यासाठी वेगळा रकाना ठेवा आणि तो रिकामा राहिला तर स्वतःवर संशय घ्या. मग एखाद्या वर्गमैत्रिणीला तुमच्या खुणा न दाखवता त्याच रेकॉर्डिंगपैकी काहींवर खुणा करायला लावा. दोघींचं किती जुळतं ते कोहेनच्या कापाने (खुणा योगायोगापलीकडे किती जुळतात ते सांगणाऱ्या आकड्याने) मोजा. जुळलं नाही तर दोष मैत्रिणीचा नसतो, तुमच्या व्याख्येचा असतो. हा एक टप्पा पार पडला की 'यात संशोधन कुठे आहे' हा प्रश्न बहुधा पुन्हा येणार नाही.

एकट्या माणसाच्या कामाने काय होतं याची शंका असेल तर बेल्जियमचं उदाहरण बघा. तिथल्या जुगार आयोगाने एप्रिल २०१८ मध्ये काही गेममधले विकतचे लूट बॉक्स जुगारात मोडतात असं जाहीर केलं आणि जगभर बातम्या झाल्या, बंदी आली म्हणून. काही वर्षांनी लिऑन शियाओ या संशोधकाने आयफोनवरचे बेल्जियममधले सर्वाधिक कमाई करणारे १०० गेम तपासले. ८२ गेममध्ये लूट बॉक्स होतेच. एक देश, एक यादी, 'आहे की नाही' एवढाच प्रश्न, आणि त्यातून बंदी कागदावरच राहिल्याचं दिसलं. हेतूबिटूच्या वाटेला तो गेलाच नाही.

वर्गीकरणासाठी कायद्यांकडेही बघा, पण आयतं उचलू नका. भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अधिसूचित केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत डार्क पॅटर्नचे १३ प्रकार दिलेत. खोटी घाई, सतत टोचणी, नाही म्हणणाऱ्याला लाजवणं हे प्रकार गेमला सहज लागू पडतात. पण ती यादी ऑनलाइन खरेदी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. कृत्रिम चलनाआड दडलेली किंमत, हजेरीचा जाच, नशिबावर सोडलेली बक्षिसं यांना त्यात वेगळा रकाना नाही. कायद्याची जाळी आणि गेमची स्क्रीन कुठे जुळत नाहीत, हाही एक नेटका प्रबंध होईल, विशेषतः गाइडना धोरणात रस असेल तर.

एक सावधगिरी. 'लूट बॉक्समुळे लोक जुगारी होतात' असं वाक्य कुठेही लिहू नका. डेव्हिड झेंडल आणि पॉल केर्न्स यांच्या २०१८ च्या पाहणीत ७,४२२ गेमर होते, आणि लूट बॉक्सवरचा खर्च व जुगाराच्या समस्येची तीव्रता यांत संबंध दिसला. नंतरच्या अभ्यासांतही तो पुन्हा पुन्हा दिसलाय. पण एकाच वेळी घेतलेल्या पाहणीतून कोण कोणाच्या मागे आलं ते कळत नाही. जुगाराची ओढ असलेली माणसंच लूट बॉक्सकडे खेचली जात असतील. तसं असेल तर विकणारा आधीच अडचणीत असलेल्या माणसाकडून कमावतो आहे, आणि ते माझ्या मते काही कमी गंभीर नाही. पण ते वेगळं विधान आहे आणि तुमचा परीक्षक तो फरक पकडणारच.

आता मुलांच्या मुलाखती. माझं स्पष्ट मत, नको. नात्यातली आहेत म्हणून तर अजिबातच नको. दहा वर्षांच्या मुलाला मावशीला किंवा ताईला 'नाही' म्हणता येत नाही, आणि फसव्या संमतीवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीने अशी संमती घ्यावी हे फार विचित्र दिसेल. रीतसर करायचं तर एथिक्स कमिटीची मंजुरी, पालकांची लेखी संमती, मुलाचा स्वतःचा होकार आणि मधेच उठून जायची मुभा, एवढं सगळं हवं. तुमच्या वेळापत्रकात ते बसणार नाही. शिवाय मुलाखतीत मूल बोलून गेलं की आईचं कार्ड वापरलं होतं, आणि आई दारात उभी असेल, तर तुम्ही काय करणार? १८ च्या पुढच्यांना लहानपणी खेळलेल्या गेमबद्दल विचारा. आठवणी पुसट असतील, तसं प्रबंधात लिहा. प्रौढांसाठीही मंजुरी आणि संमतीपत्र लागेलच, म्हणून कमिटीची पुढची बैठक कधी आहे ते आजच विचारून ठेवा. प्रबंध रखडतात ते बहुतेक वेळा तिथेच.

मित्राच्या स्क्रीनशॉटचं उरलेलं उत्तर. घेऊ नका, बघूही नका. त्याने गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असणार आणि त्याची नोकरी तुमच्या तळटीपेपेक्षा मोठी आहे. पुरावा म्हणूनही ते कुचकामी ठरतात, कारण ते कुठून आले हे तुम्हाला लिहिता येणार नाही आणि न लिहिता वापरता येणार नाहीत. त्याला मुलाखत द्यायची असेल, नाव आणि कंपनी न देता, आपल्या कामाबद्दल सर्वसाधारण बोलायचं असेल तर ते जरूर घ्या. 'हे फीचर टाकायचं कोण ठरवतं, कशाच्या आधारावर, आणि तुम्ही कधी विरोध केलात का?' एवढ्या प्रश्नांवर डिझायनर बरंच बोलतात. गेम बनवणारी माणसं राक्षस नसतात. अनेकांना आपल्याच गेममधल्या काही गोष्टी खटकतात, पण आठवड्याचा रिटेन्शनचा (किती खेळाडू परत आले याचा) आकडा बघणारा कोणीतरी दुसरा असतो. डार्क पॅटर्न म्हणजे कोणा एकाने रचलेला कट, असं गृहीत धरून गेलात तर हे ऐकू येणार नाही. दोन रंगांची बटणं अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवायची, ज्याने जास्त खरेदी झाली ते ठेवायचं, असं वर्षभर केलं की कोणी ठरवलेलं नसतानाही फसवी स्क्रीन तयार होते. 'जाणूनबुजून' या अटीवर मी इतकी अडले ती म्हणूनच.

तुम्ही गाचा खेळता हे पहिल्या प्रकरणात लिहून टाका. किती वर्षं, साधारण किती खर्च, कधी पश्चात्ताप झाला, कधी खरंच मजा आली. तटस्थ म्हणजे कधीच न खेळलेला, असं गाइडना वाटत असेल तर ते तुमच्याइतक्या सहज सॉफ्ट पिटी ओळखू शकतील का, हे मनातल्या मनात विचारा, तोंडावर नको. अभ्यास मात्र त्याच गेमवर करायचा असेल तर खुणा करायचं काम दुसऱ्याकडेही असू द्या, आणि अभ्यासाच्या काळात त्या गेममध्ये खर्च शून्य. मोह होतो, आणि 'संशोधनासाठी' या नावाखाली तो भलताच वाढतो.

नोकरीची काळजी करू नका. स्टुडिओंमध्ये युझर रिसर्च करणाऱ्या लोकांची गरज असते आणि कंपन्यांना आता नियामकांचीही धास्ती आहे. एखाद्या स्टुडिओला तुमचा प्रबंध खुपला, तर तिथे तुमचं फार काळ जमलंही नसतं.

गाइडकडे परत जाताना शीट नेऊ नका. एक पान न्या: एक यंत्रणा, एक प्रश्न, कोणते गेम आणि का, आणि उत्तर माझ्या मनाविरुद्ध आलं तर ते कसं दिसेल. अभ्यासासाठी नवीन खातं काढा, पण जुनं बंद करू नका. त्यातला गाचाचा आणि खरेदीचा इतिहास आधी उतरवून घ्या. बऱ्याच गेममध्ये ठरावीक महिन्यांपलीकडच्या नोंदी दिसेनाशा होतात, आणि तुमच्याकडचा सगळ्यात जुना डेटा तोच आहे.